दोन फाटकं

परवा सकाळी पावणेसातला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक सुविचार येऊन पडला. उगवता सूर्य, गवताचं पातं, पात्यावर दवाचा थेंब, आणि खाली गुलाबी अक्षरांत उपदेश, की धकाधकीच्या आयुष्यातही निसर्गाचे छोटे छोटे क्षण वेचायला शिका. पाठवणारे आमचे सेक्रेटरी काका. मी तेव्हा एका हाताने पोळी उलटत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाईल बघत होते, त्यामुळे 'धकाधकी' हा शब्द मला फारच पटला. अंगठा पाठवून दिला.

अकरा मिनिटांनी त्याच काकांचा दुसरा निरोप आला. रविवारच्या सभेची विषयपत्रिका. विषय क्रमांक चार : सुरक्षेच्या कारणास्तव सोसायटीचं मागचं फाटक कायमचं काढून तिथे भिंत बांधणे.

पोळी करपली ती करपलीच. तेव्हापासून डोक्यात जे शिजतंय ते आज इथे ओतून टाकते. रागावून लिहितेय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आधी हे मागचं फाटक म्हणजे काय ते सांगते. आम्ही राहतो मांजरी बुद्रुकला. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्ता आणि मुळा-मुठा नदी यांच्या मधल्या पट्ट्यात. सोसायटीचं पुढचं फाटक अगदी थाटाचं. कमान, केबिन, दोन वॉचमन, कॅमेरे, गाडी आली की वर जाणारा दांडा. मागचं फाटक म्हणजे कंपाउंडच्या भिंतीतलं एक माणूसभर रुंदीचं लोखंडी दार. बहुधा बांधकामाच्या वेळी मजुरांसाठी ठेवलं असावं आणि नंतर बुजवायचं राहून गेलं. ते उघडलं की थेट शेताचा बांध. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला मेथी-कोथिंबिरीचे वाफे, पुढे एक पडकी विहीर, विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि त्या बाभळीला लटकलेले सुगरणीचे खोपे. तिथून पायवाट नदीकडे जाते. मी काही नदीपर्यंत जात नाही. वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर वासही सहन होत नाही. विहिरीपर्यंत जायचं, थोडं उभं राहायचं, परत यायचं. एकूण बारा मिनिटं.

दिवसाच्या चोवीस तासांतली 'माझी' म्हणावी अशी तेवढीच. बाकीची सगळी कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेली असतात. सकाळ डब्यांच्या नावावर, दिवस ऑफिसच्या, संध्याकाळ सासूबाईंच्या औषधांच्या आणि लेकाच्या अभ्यासाच्या. या बारा मिनिटांत मी कुणाची आई नसते, सून नसते, अकाउंट्समधली मॅडम नसते. मोबाईल मुद्दाम घरी ठेवते. पावसाळ्यात त्या बाभळीवर मोठी गंमत चालते. नाव 'सुगरण', पण घरटं विणतो नर. अर्धं विणून झालं की मादी येऊन बघून जाते, आणि पसंत नाही पडलं तर बिचारा ते तसंच टाकून दुसरं विणायला घेतो. (हे पाहून मला अपार समाधान मिळतं, ते का ते विचारू नका.) थंडी पडली की धोबी पक्षी येतात आणि वाफ्यांमधून शेपटी हलवत साहेबासारखे फिरतात. उसाला तुरे येतात. चैत्रात कुठल्यातरी कडुनिंबाचा मोहर लांबूनच वासाने सांगतो, की मी आलोय. एवढंच. यात हिमालय नाही, केरळचं हाउसबोट नाही.

आता तुम्ही म्हणाल, अहो मग काकांचा सुविचार खराच की! तुम्ही तेच तर करताय!

नाही. इथेच माझं भांडण आहे.

सुविचाराचं म्हणणं असं, की क्षण सगळीकडे सांडलेले आहेत, तुम्हालाच वाकून वेचता येत नाहीत. म्हणजे दोष तुमच्या नजरेचा, तुमच्या वृत्तीचा. नजर सुधारा, दीर्घ श्वास घ्या, बाल्कनीतल्या कुंडीकडे प्रेमाने बघा, झालं काम. हे ऐकायला गोड आहे आणि धादांत खोटं आहे. क्षण काही हवेत तरंगत नाहीत. त्याला दोन गोष्टी लागतात. पाय ठेवायला एक जागा, आणि कुणाला न विकलेला थोडासा वेळ. या दोन्ही गोष्टी नजरेने निर्माण होत नाहीत. त्या कुणीतरी ठेवतं तेव्हा राहतात, आणि कुणीतरी काढून घेतं तेव्हा जातात. काढून घेणाऱ्यानेच वर 'क्षण वेचा' म्हणून सांगावं, हे म्हणजे ताट ओढून घेऊन 'सावकाश जेवा' म्हणण्यासारखं झालं.

वेळेचं आधी बघू. त्यासाठी दुसऱ्या फाटकाची गोष्ट.

मांजरीचं रेल्वे फाटक ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पुणे-दौंड मार्ग, गाड्यांची रांग, फाटक पडलं की सात मिनिटं कुठे गेली नाहीत, कधी पंधरा. हॉर्न, धूर, शिव्या, मधूनच घुसणारे दुचाकीवाले. पहिलं वर्षभर मीही मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. मग एक दिवस स्कूटर बंद केली आणि मान वर केली. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले. एक उडायचा, हवेतच काहीतरी पकडायचा, पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचा. रुळापलीकडे ट्रॅक्टर नांगरत होता आणि त्याच्यामागे पांढरे गायबगळे, वरातीत चालल्यासारखे. लेक मागे बसलेला असला की आम्ही मालगाडीचे डबे मोजायचो. एकदा अठ्ठावन्न भरले होते. तो आकडा अजून आमच्या घरात 'खूप' या अर्थाने वापरतात. 'आई, अठ्ठावन्न गृहपाठ दिलाय!'

मग वर्षानुवर्षं रखडलेला उड्डाणपूल एकदाचा झाला. चांगलंच झालं. फाटकात रुग्णवाहिका अडकायच्या, पोरांच्या परीक्षा चुकायच्या. पूल हवाच होता आणि मी त्याच्यासाठी रडत बसलेली नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. पुलामुळे माझी रोजची सात मिनिटं वाचली. ती गेली कुठे?

सांगते. आमच्या ऑफिसातली सकाळची मीटिंग साडेनऊला असायची, ती सव्वानऊला आली. कारण आता सगळ्यांना 'वेळेवर पोचणं शक्य आहे'. म्हणजे रस्त्यावरची सात मिनिटं वाचली, ती थेट ऑफिसच्या खात्यात जमा झाली, वर आठ मिनिटं माझ्या खिशातून गेली. तुम्ही तुमचाही हिशोब करून बघा. मिक्सरने, गॅसने, मोबाईलने, घरबसल्या वीजबिल भरण्याने जो वेळ वाचला त्यातला तुमच्या हातात किती पडला? वाचलेला वेळ आपोआप आपला होत नाही. जो मागतो त्याचा होतो. आणि मागणारे आपण कधीच नसतो.

मागणारे होते एकेकाळी. रविवारची सुट्टी आपल्याला जणू पंचांगातच दिलेली आहे असं आपण समजतो. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या माणसाने. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून जे मागणीपत्र तयार केलं त्यात काय होतं माहितीये? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सूर्यास्तानंतर काम नको. आणि दुपारी अर्धा तास विसावा. अर्धा तास! छोटे छोटे क्षण म्हणतात ते हेच की. पण लोखंड्यांनी कामगारांना असं नाही सांगितलं, की बाबांनो, साचा चालवता चालवता खिडकीतून आकाशाकडे बघायला शिका. त्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या जमवल्या. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली.

आज आपण जो रविवार लोळण्यात घालवतो तो असा आलेला आहे. आणि तो तसाच राहील याची काही हमी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत, आणि दुकानं-आस्थापनांमधली नऊवरून दहापर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तेवढेच राहणार, जादा कामाचे जादा पैसे मिळणार, असं त्यात आहे, ते मी लपवत नाही. पण बारा तासांच्या पाळीवर असणाऱ्या माणसाला दिवसाउजेडी घरी पोचण्याची शक्यता किती, हे सांगायला गणिताचा मास्तर नको. त्याला सूर्यास्ताचा फोटो पाठवायचा, एवढंच आपल्या हातात उरतं.

आमच्या मांजरीत, सोलापूर रस्त्यावर, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. १९९७ पासूनचं. तिथल्या वाणांना नावंच गावाची दिलीत, मांजरी नवीन, मांजरी किशमिश, मांजरी मेडिका. (आणि आमच्या टॉवरांची नावं इंग्लंड-इटलीची. असो.) द्राक्षबागेच्या दोन छाटण्या असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पण फळं काढल्यावर लगेच कोणी वेलाला कात्री लावत नाही. मध्ये बागेला विश्रांती देतात. वेलाने फळात सगळं ओतलेलं असतं, त्याला पुन्हा भरून यायला वेळ लागतो. विश्रांती चुकवली तर पुढच्या फुटीवर आणि घडांवर त्याचा परिणाम दिसतो. कुठलाही बागाईतदार वेलाला 'विचार सकारात्मक ठेव' असं सांगत नाही. तो गुमान कात्री खुंटीला अडकवतो. वेलाला जे कळतं ते माणसांच्या बाबतीत कळायला काय हरकत आहे?

हे झालं वेळेचं. आता जागेचं.

नियमाप्रमाणे मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्याकडेही सोडलीय. त्यावर हिरवळ आहे. हिरवळीवर पाटी आहे : 'हिरवळीवर चालू नये'. मुलांनी खेळू नये, कुत्रा आणू नये, फुलं तोडू नयेत. म्हणजे बघायची जागा आहे, असायची नाही. निसर्ग आणि निसर्गाचं चित्र यांत फरक काय, तर चित्रात शिरता येत नाही. मग आमची दहा टक्के जागा हे चित्रच झालं की.

नदीचंही तेच. आमच्यातल्या काही फ्लॅट्सना नदी दिसते, म्हणून त्यांनी चौरस फुटाला जास्त पैसे मोजले. त्यांच्याच खिडक्या वर्षभर बंद असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या केशवनगर-खराडी भागात नदीवर डासांचे उंचच्या उंच भोवरे उठले होते, ते व्हिडिओ देशभर फिरले, तुम्हीही बघितले असतील. सगळ्या शहराचं सांडपाणी आणि त्यावर माजलेली जलपर्णी घेऊन नदी आमच्यापर्यंत येते. आता त्या खिडकीत बसलेल्या माणसाने कोणता क्षण वेचावा? त्याची नजर चांगली आहे हो. नदी चांगली नाहीये.

आणि म्हणून मग शनिवार-रविवारचे रिसॉर्ट. 'निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस.' घरामागची नदी घाण करायची, बांध बंद करायचा आणि साठ किलोमीटर गाडी हाणून पैसे देऊन दुसऱ्याचा बांध बघायला जायचं. जाऊ नका असं मी म्हणत नाही, मीही जाते. पण ज्याला ते परवडतं त्याने, आणि ज्याला परवडत नाही त्याने, दोघांनीही रोजचा निसर्ग कुठे गेला हे विचारायला नको का?

पुण्याच्या पश्चिमेकडच्या लोकांकडे वेताळ टेकडी आहे. सकाळी हजारो लोक चढतात. कुणी साहेब, कुणी रिक्षावाला, कुणी निवृत्त मास्तर, टेकडी कुणाला तिकीट विचारत नाही. आणि म्हणूनच तिच्यातून रस्ता-बोगदा काढायची गोष्ट निघाली तेव्हा २०२३ मध्ये माणसं रस्त्यावर आली. ज्या जागेवर माणसं रोज चालतात तिच्यासाठी भांडायला माणसं सापडतात. आम्हा पूर्वेकडच्यांना टेकडी नाही. आमच्याकडे नदी आणि बांध. आणि बांध तर कुणाच्याच हिशोबात नाहीत. जोवर शेत आहे तोवर आहेत.

शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाट हवी, हे आपल्या कायद्याने केव्हाच मानलंय. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदाराकडे जाता येतं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत १४३ कलम आहे, बांधावरून वाट मिळण्याचं. ते रास्तच आहे. पण माणसाला नुसतं चालायला, उभं राहायला, मान वर करून बघायला वाट हवी, या मागणीला आपल्याकडे साधं नावसुद्धा नाही.

इंग्लंडमध्ये ते नाव लोकांनी मिळवलं. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतली पोरं रविवारी डोंगरावर फिरायला जायची, पण डोंगर होते जमीनदारांचे, शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ ला, रविवारच होता तो, काहीशे जण ठरवून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर घुसले. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. चालायला गेले म्हणून! पण पुढे १९४९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० मध्ये माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला. तारीख बघितलीत? २४ एप्रिल. लोखंड्यांच्या सभेची तीच. निव्वळ योगायोग, पण मला आवडला. एका सभेने रविवार मिळवला, आणि दुसऱ्या टोळीने त्या रविवारी जायला जागा मागितली. दोन्ही लागतात. नुसता रविवार मिळून काय करायचं, भिंतीकडे बघत बसायचं?

आता काकांच्या बाजूने बोलते. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

एक, चोऱ्या. गेल्या वर्षी आमच्याकडून दोन सायकली गेल्या. खरं आहे. पण त्या पुढच्या फाटकातून, वॉचमनच्या समोरून, टेम्पोत घालून गेल्या. कॅमेऱ्यातच दिसलं. मग पुढचं फाटक बुजवायचं का?

दोन, साप. उसात उंदीर, उंदरांमागे साप, हे आहेच. घोणस असते, तिच्याशी खेळ नाही. पण साप फाटकाला विचारून येत नाही. त्याला बॅटरी, बूट आणि पायाखाली बघून चालणं हाच उपाय. आणि भिंतीलगतचा राडारोडा उचलला तर बरंच काम होईल. तो गेली तीन वर्षं विषयपत्रिकेवर येत नाही.

तीन, बायकांची सुरक्षितता. या मुद्द्यावर मात्र माझं डोकं फिरतं. मागचं फाटक वापरतं कोण? मी. पाचव्या मजल्यावरच्या आजी. आमच्या चार घरांत काम करणाऱ्या मावशी, ज्या शेतापलीकडच्या वस्तीतून येतात. भिंत झाली की त्यांना सव्वा किलोमीटर वळसा, तोही डंपर धावतात त्या रस्त्याने, फुटपाथ नसलेल्या. त्यांची सुरक्षितता कुठल्या विषय क्रमांकात बसते? आमच्यापैकी एकीलाही कुणी विचारलं नाही. जागा निर्मनुष्य झाली की धोका वाढतो, माणसांची वर्दळ असली की कमी होतो, हे जेन जेकब्ज नावाच्या बाईने अमेरिकेतल्या शहरांबद्दल १९६१ मध्येच लिहून ठेवलंय, पण आमच्या मावशींनी काही तिचं पुस्तक वाचलेलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, चार बाया जातात म्हणून ती वाट चांगलीये. बंद केली की मग वाईट होईल."

शेतकरीदादाही तेच बोलले, जरा वेगळ्या तऱ्हेने. मी घाबरत घाबरत विचारलं, तुम्हाला आमचा त्रास होतो का? ते म्हणाले, "चाला की. पायवाट मोडली की बांध पण मोडतो." मी घरी येईपर्यंत त्याचा विचार करत होते. माणसं चालतात तोवर ती वाट. चालणं थांबलं की ती फक्त दोन गटांमधली रेघ. आणि रेघ काय, पुसता येते.

आता कबुली. ती दिली नाही तर हे सगळं लिहिणं लबाडीचं होईल.

आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी ऊस होता. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ज्या गावात आहे त्या गावातला ऊस मोडून माझं स्वयंपाकघर झालं. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आलं तेव्हा मी पेढे वाटलेत, फ्लॅटचा भाव वाढेल म्हणून. आणि दोन वर्षांपूर्वी हेच मागचं फाटक 'सकाळी सहा ते दहा एवढंच उघडं ठेवावं' असा ठराव आला तेव्हा मी हात वर केला होता. माझी बारा मिनिटं त्या वेळात बसत होती ना! दुपारी शाळेतून येणारी मुलं त्या वाटेने यायची, विहिरीत दगड टाकायची, ते बंद झालं. संध्याकाळी आजी जायच्या, ते बंद झालं. मी काही बोलले नाही. आज माझ्या बारा मिनिटांवर आलं तेव्हा मला लोखंडे आठवले. असं असतं बघा.

म्हणजे मी काही कुणी पर्यावरणवाली शूर बाई नाही. पण म्हणूनच कळलं, की 'छोटे क्षण' हा शब्द किती सोयीचा आहे. तो प्रत्येकाला आपापली बारा मिनिटं देतो आणि बाकीच्यांचं विसरायला लावतो. माझी कुंडी, माझी बाल्कनी, माझा चहाचा कप, माझा पाऊस. 'आपलं' काहीच नाही. आणि जे कुणाचंच आपलं नसतं ते एका सकाळी विषय क्रमांक चार होऊन येतं.

तर रविवारी मी बोलणार आहे. घाबरत बोलणार, कारण सभेत बायका बोलल्या की 'वहिनी, थोडक्यात' असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. म्हणून मुद्दे लिहूनच नेतेय. फाटक काढायचं नाही. त्याला चांगली कडी आणि कुलूप, सकाळी सहा ते संध्याकाळी सात उघडं. बाहेर एक दिवा. आतला राडारोडा पंधरा दिवसांत उचलायचा. काम करणाऱ्या मावशींची ये-जा तिथूनच. आणि हिरवळीवरची ती पाटी काढायची. भिंतीला जो खर्च धरलाय त्यात हे सगळं होऊन वर चहा-बिस्किटं होतील. मावशींना सभेत बोलता येत नाही, त्या सभासद नाहीत. त्यांचं म्हणणं मी वाचून दाखवणार आहे, शब्दाला शब्द.

ठराव पडेल की मंजूर होईल, सांगता येत नाही. आजी माझ्या बाजूने आहेत, लेक आहे (त्याला मत नाही), नवरा म्हणतो बघू. पण एक गंमत झालीय. काल मी ग्रुपवर विचारलं, की मागचं फाटक उघडून पलीकडे आजवर कोण कोण गेलंय? शंभरच्या वर घरं आहेत आमची. नऊ जणांनी हात वर केला. बाकीच्यांना तिथे काय आहे हेच माहीत नाही. ज्यांना माहीत नाही तेच मत देणार.

म्हणून मग आज सकाळी सेक्रेटरी काकांना म्हटलं, काका, सभेच्या आधी एकदा चला माझ्याबरोबर, बाराच मिनिटं लागतात. ते आधी हसले, मग बूट घालून आले. बांधावर जरा अडखळले. विहिरीपाशी उभे राहिले. बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "हे सगळं विणतो कोण?"

मी म्हटलं, नर.

काका म्हणाले, "अरेच्चा."

पुढचं रविवारी.